शिकागोच्या चौकातले दान

विहारात मूर्ती बसवायची असो की चौकात पुतळा, आपल्याकडे पहिली गोष्ट होते ती बैठक. मग समिती, मग पावतीपुस्तके, मग दारोदार वर्गणी. थोडेफार पैसे जमले की चार जाणती माणसे एखाद्या रविवारी मूर्तिकाराच्या घरी जातात. सोबत फोटो नेतात. चहा होतो, उंचीची बोलणी होतात, ब्राँझ की फायबर असा घोळ होतो. आणि शेवटी सगळ्यांच्या मनात असलेला प्रश्न कुणीतरी हळूच विचारतो, "किती घ्याल?" ही रीत आपल्या वाचकांच्या चांगल्याच ओळखीची आहे.

अशाच एका भेटीची हकिकत आम्ही येथे देत आहोत. फरक इतकाच, की ज्याच्या दारी पाहुणे गेले तो विसाव्या शतकातला सर्वांत नामांकित चित्रकार पाब्लो पिकासो होता आणि जे गेले ते अमेरिकेतल्या शिकागो शहराचे वास्तुविशारद होते. पण जो प्रश्न या हकिकतीतून उभा राहिला तो आपल्या रोजच्या जगण्यातला आहे. चौकातली वस्तू कोणाची? ज्याने घडवली त्याची, ज्याने पैसे दिले त्याची, की जो तिच्यासमोरून रोज जातो त्याची?

शिकागोचे नाव आपल्याला नवे नाही. आठ तासांच्या कामासाठी मे १८८६ मध्ये तिथल्या कामगारांनी दिलेला लढा दर कामगार दिनाला आठवला जातो. पुढे सात वर्षांनी, सप्टेंबर १८९३ मध्ये, त्याच शहरातल्या सर्वधर्म परिषदेत श्रीलंकेच्या अनागारिक धम्मपालांनी जगापुढे बुद्धाचा धम्म मांडला. ती परिषद ज्या इमारतीत भरली, तीच इमारत पुढे 'आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो' या कलासंग्रहालयाची झाली. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

म्हाताऱ्याच्या दारी

१९६० नंतरच्या काळात शिकागोच्या मध्यवस्तीत न्यायालये आणि सरकारी कचेऱ्यांसाठी ३१ मजल्यांची मोठी इमारत उभी राहत होती. नाव 'सिव्हिक सेंटर'. ती १९६५ मध्ये पूर्ण झाली. इमारतीपुढे एक मोकळा चौक सोडला होता. चौक मोठा आणि इमारत तर त्याहून मोठी, तेव्हा तिथे काहीतरी भव्य शिल्प हवे असे वास्तुविशारदांना वाटू लागले. तीन कंपन्यांचे वास्तुविशारद या कामावर होते. त्यांच्यापैकी विल्यम हार्टमन यांनी हा विषय मनावर घेतला. शिल्प करायचे तर हयात कलावंतांत जो सर्वांत मोठा त्याच्याकडूनच करून घ्यायचे, असे त्यांचे ठरले. म्हणजेच पिकासो.

ठरवणे सोपे होते, गाठणे महाकठीण. पिकासो मूळचा स्पेनचा, जन्म २५ ऑक्टोबर १८८१ चा. आयुष्य मात्र बहुतेक फ्रान्समध्ये गेले. १९३७ साली गेर्निका या गावावर विमानांतून बाँब पडले, तेव्हा त्याने काढलेले प्रचंड चित्र युद्धाच्या निषेधाची निशाणी होऊन बसले. १९४४ साली तो फ्रान्सच्या कम्युनिस्ट पक्षात गेला. १९४९ च्या पॅरिसमधील शांतता परिषदेच्या भित्तिपत्रकावरचे कबूतरही त्याचेच. अमेरिकेत तो कधीच गेला नव्हता आणि पुढेही गेला नाही. १९६१ पासून तो पत्नी जाकलीन हिच्यासह फ्रान्सच्या दक्षिणेला मूझँ नावाच्या गावातल्या एका बंगल्यात राहत असे. फाटक बंद. जगभरातून माणसे येत आणि बहुतेक फाटकावरूनच परत जात.

अशा माणसाकडे सरळ जाऊन बेल वाजवून भागत नाही. ओळखीचा माणूस लागतो, तिकडेही लागतो! हार्टमन यांनी पिकासोचे इंग्रज मित्र आणि चरित्रकार रोलंड पेनरोझ यांना मध्ये घातले. १९६३ च्या मे महिन्यात ही मंडळी मूझँला पोहोचली. पिकासोचे वय तेव्हा ८१ वर्षांचे.

पाहुणे रिकाम्या हाताने गेले नाहीत. नियोजित चौकाचा छोटा नमुना त्यांनी नेला होता. शिकागो शहराचे आणि तिथल्या माणसांचे फोटोही नेले होते. म्हाताऱ्याने ते सगळे मन लावून पाहिले म्हणतात. फोटोंत लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे दिसला तेव्हा तो खुलला. हेमिंग्वे शिकागोच्या शेजारच्या ओक पार्क गावचा आणि पिकासोच्या जुन्या ओळखीचा. बैलांच्या झुंजीतले जे काही त्याला कळत होते ते आपणच शिकवले, असे पिकासोने थाटात सांगितले, अशी आठवण आहे. आणखी एक आठवण सांगतात. एरवी मी कुणाच्या सांगण्यावरून काम करीत नाही, असे तो म्हणाला. पण आता हातात दोन कामे आहेत, एक मार्सेयचे आणि एक शिकागोचे, म्हणजे दोन्ही गुंडांच्याच शहरांची, असा विनोद त्याने केला. पाहुणे हसले असतील. कारण एवढे ऐकल्यावर त्यांना कळले की म्हातारा विचार करतो आहे.

लेखी करार काही झाला नाही. इसार नाही, मुदत नाही. हार्टमन पुढच्या वर्षांत पुनःपुन्हा मूझँला जात राहिले. जाताना शिकागोहून लहानमोठ्या भेटी नेत, गप्पा मारीत आणि परत येत. काम कधी होणार हे विचारायचे नाही, पण आपण वाट पाहतो आहोत हे कळू द्यायचे, ही कला त्यांना साधली होती. मूर्तिकाराकडे चकरा मारलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना यातली मेख बरोबर समजेल.

१९६५ मध्ये नमुना तयार झाला. पोलादी पत्रे कापून, वाकवून आणि जोडून केलेला, उंची ४२ इंच. म्हणजे जेमतेम लहान मुलाएवढा. त्यावरून चौकातले शिल्प करायचे होते ५० फुटांचे.

किती घ्याल?

आता तो अवघड प्रश्न आला. शिकागोकरांनी एक लाख डॉलरचे मानधन देऊ केले. १९६६ च्या हिशेबाने ती फार मोठी रक्कम होती. पिकासोने ती घेतली नाही. हे काम मी भेट म्हणून देतो, असे त्याने सांगितले. ऑगस्ट १९६६ मध्ये त्याने एका दानपत्रावर सही केली. त्याचा आशय असा होता, की हे शिल्प आणि त्याच्या प्रतिकृती काढण्याचा हक्क मी शिकागोच्या सार्वजनिक इमारत आयोगाला देतो, लहान नमुना आर्ट इन्स्टिट्यूटला देतो आणि या दोन्ही भेटी त्यांच्यामार्फत शिकागोच्या लोकांच्या मालकीच्या व्हाव्यात अशी माझी इच्छा आहे.

धम्मपाल जिथे बोलले त्या संग्रहालयाकडे तो नमुना असा गेला.

या दानपत्रातला 'लोक' हा शब्द आम्हाला थांबवतो. कारण ऑगस्ट १९६६ मध्ये शिकागोत काय चालले होते? त्याच वर्षी जानेवारीत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग शिकागोच्या लॉनडेल भागातल्या एका मोडक्या चाळवजा इमारतीत मुद्दाम राहायला आले होते. त्या शहरात काळ्या माणसाला गोऱ्यांच्या वस्तीत घर मिळत नव्हते. पैसे असले तरी मिळत नव्हते. त्याविरुद्ध मोर्चे निघाले. ५ ऑगस्टला मार्केट पार्क भागात मोर्चावर दगडफेक झाली आणि एक दगड डॉ. किंग यांना लागला. २६ ऑगस्टला महापौर रिचर्ड डेली आणि इतर पुढाऱ्यांबरोबर त्यांचा घरांच्या प्रश्नावर समझोता झाला, पण अंमलबजावणीबाबत पुढे निराशाच पदरी पडली. नाव विचारल्यावर 'खोली गेली' हे उत्तर ऐकलेल्या आपल्या वाचकांना या लढ्याची फोड करून सांगायला नको.

एकाच शहरात, एकाच महिन्यात, एका कागदावर 'शिकागोच्या लोकांना' असे लिहिले जात होते आणि रस्त्यावर त्याच शहरातले काही लोक, आम्हीसुद्धा या शहराचे लोक आहोत, हे दगड खाऊन सांगत होते. म्हाताऱ्या कलावंताने हा विचार करून सही केली असे आमचे म्हणणे नाही. पण शब्द कागदावर उतरला की त्याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही.

१५ ऑगस्ट १९६७

नमुन्यावरून प्रत्यक्ष शिल्प घडवले ते शिकागोजवळच्या गॅरी या पोलादनगरीतल्या कारखान्यात. वजन १६२ टन, उंची ५० फूट. पोलाद 'कॉर-टेन' जातीचे. या पोलादाची गंमत अशी की त्यावर गंज चढतो, पण तो घट्ट बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. त्यामुळे रंग लावावा लागत नाही. मागची इमारतही याच पोलादाची आहे, म्हणून दोघांचा तांबूस तपकिरी रंग जुळला. कारखान्यात सांगाडा एकदा पूर्ण जोडून पाहिला, मग सुटा केला, चौकात आणला आणि पुन्हा जोडला. सगळा खर्च साडेतीन लाख डॉलरच्या थोडा वर गेला. तो बहुतेक तीन धर्मादाय संस्थांनी उचलला.

अनावरणाचा दिवस होता १५ ऑगस्ट १९६७. आपल्याकडे त्या दिवशी स्वातंत्र्याचा विसावा वाढदिवस होता. महापौर डेली यांनी दोरी ओढली, कापड खाली आले आणि चौकात जमलेल्या हजारो लोकांनी वर पाहिले. पाहतच राहिले. हे आहे तरी काय? कुणी म्हणे बाईचे तोंड, कुणी म्हणे कुत्रा, कुणी पक्षी म्हणाले, कुणी चक्क माकड म्हणाले. पिकासोने शिल्पाला नावही दिले नव्हते आणि खुलासाही केला नव्हता. आज जे विचित्र वाटते ते उद्या ओळखीचे होईल, अशा अर्थाचे महापौर बोलले. पण लोकांची कुरबुर थांबली नाही. माइक रॉयको या गाजलेल्या वृत्तपत्र लेखकाने त्यावर झोड उठवली. जॉन होएलेन या नगरसेवकाने तर महापालिकेत ठराव मांडला, की हे धूड फ्रान्सला परत पाठवा आणि इथे एर्नी बँक्सचा पुतळा उभारा. एर्नी बँक्स हा शिकागोचा लाडका काळा बेसबॉलपटू. ठराव काही टिकला नाही. पण बँक्सचा पुतळा पुढे २००८ साली त्याच्या मैदानासमोर उभा राहिलाच.

लोकांचा राग अगदीच अडाणीपणाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना कुणी विचारले नव्हते. चौक त्यांचा, पण शिल्प कोणाचे, कसे आणि कशाचे हे मोजक्या मंडळींनी ठरवले होते. भेट मिळाली खरी, पण घेणाऱ्याला हात पुढे करायची संधीच मिळाली नव्हती.

बारा दिवसांनंतर

त्या समारंभात एका कवयित्रीने कविता वाचली. तिचे नाव ग्वेंडोलिन ब्रुक्स. शिकागोच्या काळ्या वस्तीत वाढलेली. १९५० साली कवितेचे पुलित्झर पारितोषिक तिला मिळाले. हे पारितोषिक मिळवणारी ती पहिली काळी व्यक्ती. महापौरांच्या समारंभासाठी लिहिलेल्या कवितेतही तिने उगाच गोडवे गायले नाहीत. कलेपाशी माणूस जातो पण तिथे अवघडतो, असा तिचा सूर होता.

आणि बारा दिवसांनी, २७ ऑगस्ट १९६७ रोजी, तीच कवयित्री दुसऱ्या एका अनावरणात कविता वाचायला उभी राहिली. ती जागा शहराच्या दक्षिणेकडच्या काळ्या वस्तीतली, ४३ वा रस्ता आणि लँगली रस्ता यांच्या कोपऱ्यावरची. तिथे एका जुनाट इमारतीच्या भिंतीवर काळ्या कलावंतांच्या एका संघटनेने आपल्या माणसांची चित्रे काढली होती. विल्यम वॉकर हे त्यांतले एक प्रमुख चित्रकार. भिंतीला नाव दिले 'वॉल ऑफ रिस्पेक्ट', म्हणजे आदराची भिंत. तिच्यावर माल्कम एक्स होते, मुहम्मद अली होते, गायक-वादक होते, लेखक होते. खुद्द ब्रुक्सबाईही त्या भिंतीवर होत्या.

तिथे कुणी लाखाचे मानधन देऊ केले नव्हते. वस्तीतल्या लोकांनी चित्रे उमटताना रोज पाहिली, चर्चा केली, भिंतीची राखण केली. हे काय आहे, असे तिथे कुणाला विचारावे लागले नाही. लेकरांना कडेवर घेऊन आयाबाया नावे सांगत असतील, जशा आपल्या आया विहारातल्या तसबिरींची नावे सांगतात.

त्या भिंतीवर डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचेही चित्र होते. आपल्या वाचकांना हे सांगताना आम्हाला विशेष वाटते. कारण १९४६ साली बाबासाहेबांनी याच डु बॉइस यांना पत्र लिहिले होते. काळ्या लोकांचा प्रश्न मी अभ्यासला आहे, त्यांची स्थिती आणि अस्पृश्यांची स्थिती यांत फार साम्य आहे, असे त्यात म्हटले होते. संयुक्त राष्ट्रसंघापुढे तिकडच्या काळ्या लोकांनी जो अर्ज केला त्याच्या प्रती बाबासाहेबांनी मागितल्या होत्या. डु बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर पाठवले. म्हणजे शिकागोच्या त्या कोपऱ्यावरच्या भिंतीशी आपलाही एक धागा जुळलेला आहे.

ती भिंत फार काळ राहिली नाही. १९७१ मध्ये इमारतीला आग लागली आणि नंतर ती पाडली गेली. पण तिच्यापासून स्फूर्ती घेऊन अमेरिकेतल्या अनेक शहरांच्या वस्त्यांत भिंती बोलू लागल्या.

कोर्टाने काय सांगितले

आता पुन्हा चौकाकडे वळू. दानपत्रात 'लोकांचे' असे लिहिले असले तरी शिल्पाच्या प्रतिकृतींवर हक्क आयोगाने आपल्याकडे राखला होता. एका प्रकाशन संस्थेने त्याला आव्हान दिले. १९७० मध्ये तिथल्या केंद्रीय न्यायालयाने निकाल दिला, की या शिल्पाच्या प्रतिकृतींवर कुणाचाही हक्क उरलेला नाही. कारण कायद्याच्या भाषेतले, पण समजायला सोपे होते. १९६६ मध्ये आयोगाने शिल्पाचा गाजावाजा करण्यासाठी नमुना प्रदर्शनात मांडला आणि त्याचे फोटो वर्तमानपत्रांना वाटले, पण त्यावर हक्क राखून ठेवल्याची सूचना छापली नाही. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे ही सूचना नसली की हक्क जात असे. पुढे मोठ्या शिल्पावर ती कोरली, पण तोवर उशीर झाला होता.

परिणाम काय झाला? त्या शिल्पाचे चित्र कुणीही काढावे, कार्ड छापावे, छोटी मूर्ती करून विकावी. म्हातारा जे दानपत्रात लिहून गेला, ते एका विसरलेल्या ओळीमुळे अक्षरशः खरे झाले! शिल्प लोकांचे झाले.

पिकासो ८ एप्रिल १९७३ रोजी वारला. आपण दिलेले शिल्प त्याने चौकात उभे असलेले कधी पाहिले नाही. महापौर डेली डिसेंबर १९७६ मध्ये वारले आणि त्या इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले. त्या शिल्पामागोमाग शहराच्या मध्यभागी काल्डर, शगाल, मिरो अशा इतर मोठ्या कलावंतांचीही कामे आली. पिकासोच्या शिल्पाखाली कोर्टात आलेली माणसे डबा खातात, भाजीबाजार भरतो, मोर्चे येतात, सभा होतात. शिल्पाचा खालचा भाग उतरता आहे. लहान पोरे त्यावर चढतात आणि घसरगुंडी करीत खाली येतात. ते बाईचे तोंड आहे की कुत्र्याचे, हे त्या पोरांनी कुणाला विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

दोन्ही कामे एकाच महिन्यातली. एक मोठ्या माणसाने दुरून पाठवलेले, पोलादाचे, अजून उभे असलेले. दुसरे वस्तीने स्वतःच्या भिंतीवर रंगवलेले, चार-पाच वर्षांत गेलेले. यात श्रेष्ठ कोणते, असा वाद घालण्यात आम्हाला अर्थ वाटत नाही. दान देणाऱ्याने हात सोडला, हे पिकासोचे मोठेपण. पण लोकांनी ते हाती घ्यायला बरीच वर्षे लागली, आणि तीही पोरांच्या घसरगुंडीने सुरू झाली. भिंतीच्या बाबतीत घेणारे पहिल्या दिवसापासून हजर होते.

आपल्या विहाराची प्रत्येक वीट कुणाच्या ना कुणाच्या पावतीची आहे. त्या पावत्या बहुतेक दहा-दहा, वीस-वीस रुपयांच्या. त्यांवरची नावे पुसट झाली असतील. पण संध्याकाळी वंदना संपल्यावर आवारात जी पोरे धावतात, त्यांना कुणी "हे कोणाचे?" असे विचारून पाहावे. "आमचे" हे उत्तर विचार न करता येईल. शिकागोच्या चौकाला जे उत्तर मिळवायला दानपत्र, निषेध आणि कोर्टकचेरी लागली, ते आपल्या लेकरांच्या तोंडी आधीच आहे. ते तसेच टिकवणे आता आपल्या हाती आहे.